गिरणगावातील खाणावळी

गिरणगावातील खाणावळी हा मुंबईच्या कापडगिरण्यांच्या परिसरात, मुख्यतः स्त्रियांनी, राहत्या खोलीतून चालवलेला घरगुती भोजनाचा व्यवसाय होय. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरण्यांच्या वाढीबरोबर तो वाढला आणि १९८२ च्या संपानंतर झपाट्याने ओसरला. आधी महिनाभर जेवू घालायचे व पगार झाल्यावर पैसे घ्यायचे, हे त्याचे मुख्य लक्षण होते. गिऱ्हाइकाची वेळ, चव आणि ऐपत यांना प्रथम स्थान देणारा छोटा व्यवसाय म्हणून या खाणावळींचा उल्लेख गौरवाने केला जातो. मात्र या सेवेचा बोजा बहुतांशी चालविणारीच्याच अंगावर पडत असे. तो सामाईक करण्याचा पहिला संघटित प्रयत्न १९७५ मध्ये स्थापन झालेल्या अन्नपूर्णा महिला मंडळाने केला.

== नाव ==

‘खाणे’ या क्रियापदापासून बनलेल्या ‘खाणावळ’ या शब्दाचे ‘खानावळ’ असे रूपही सर्रास आढळते. पैसे देऊन जेवण्याची जागा एवढाच त्याचा मूळ अर्थ असल्याने पुण्यातील पूना बोर्डिंग हाउस किंवा बादशाही, गिरगावातील अनंताश्रम अशा पाटी लावून चालणाऱ्या भोजनगृहांनाही हा शब्द लागू पडतो. गिरणगावातील खाणावळीला मात्र सहसा पाटी नसे, टेबल-खुर्ची नसे आणि पुष्कळदा नावही नसे. ती चालविणाऱ्या बाईच्या नावाने किंवा तिच्या गावाच्या नावाने ओळखली जाई. चालविणारीला खाणावळवाली म्हणत. जेवणारे तिला मावशी, काकू, वहिनी किंवा आक्का म्हणत आणि ती त्यांना ‘मेंबर’ म्हणे. हा इंग्रजी शब्द मराठी खाणावळींत इतका रुळला की त्याला पर्यायच उरला नाही.

== पार्श्वभूमी ==

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीच्या ताडदेव येथील गिरणीत १८५६ मध्ये उत्पादन सुरू झाले. त्यानंतरच्या काही दशकांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी, प्रभादेवी आणि शिवडी या पट्ट्यात गिरण्यांची दाटी झाली. तोच भाग पुढे गिरणगाव म्हणून ओळखला जाऊ लागला. कामगारांत रत्नागिरी जिल्ह्यातून (आजचा सिंधुदुर्ग जिल्हाही त्यात येतो) आलेले कोकणी आणि सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे या भागांतून आलेले घाटावरचे लोक मोठ्या संख्येने होते. मुंबईतील जागेची टंचाई आणि गावाकडची थोडीफार शेती यांमुळे अनेकजण बायकामुले गावी ठेवून एकटेच येत. एका गावच्या दहा-पंधरा किंवा त्याहून अधिक पुरुषांनी मिळून एक खोली भाड्याने घ्यावी आणि पाळीप्रमाणे तिथे झोपावे, अशी पद्धत होती. एक पाळी कामावर गेली की दुसरी अंथरुणावर येई. अशा खोलीत चूल पेटवायला जागा नसे आणि पाळीवरून आलेल्या माणसात स्वयंपाकाचे त्राणही नसे.

दुसरीकडे गिरण्यांमधील स्त्री कामगारांची संख्या घटत गेली. १९२० च्या दशकात गिरणी कामगारांत सुमारे एक पंचमांश स्त्रिया होत्या. स्त्रियांना रात्रपाळीला असलेली बंदी, १९२९ च्या मुंबई प्रसूती लाभ कायद्याने मालकांवर आलेली जबाबदारी आणि स्त्रिया ज्या खात्यांत काम करत त्या खात्यांचे झालेले यांत्रिकीकरण यांमुळे हे प्रमाण पुढील दशकांत अगदी थोडे उरले. कामावरून गेलेल्या, विधवा झालेल्या, नवऱ्याने टाकलेल्या किंवा नवऱ्याच्या एकट्याच्या पगारात ज्यांचे भागत नव्हते अशा स्त्रियांना भांडवल न लागणारे एकच काम समोर दिसत होते. आपल्या चुलीवर आणखी चार जणांचे शिजवायचे, येथून सुरुवात होई आणि चाराचे वीस-पंचवीस होत.

== कामाचे स्वरूप ==

गिरण्यांत तीन पाळ्या चालू असत त्या काळात पहिली पाळी साधारणपणे सकाळी सातला सुरू होऊन दुपारी साडेतीनच्या सुमारास सुटे, दुसरी तेथून मध्यरात्रीपर्यंत चाले आणि तिसरी पहाटे संपे. खाणावळवालीचा दिवस या तिन्ही पाळ्यांना बांधलेला होता. पहिल्या पाळीवाल्याचा डबा सहाच्या आत तयार लागे. तिसऱ्या पाळीचा मेंबर सकाळी येऊन जेवून झोपायला जाई, तर दुसऱ्या पाळीवाल्यासाठी मध्यरात्रीनंतर ताट झाकून ठेवावे लागे. चाळीतील नळाला पाणी पहाटे येई, त्यामुळे उठण्याची वेळ पाळीने नव्हे तर नळाने ठरे. काही मेंबर खोलीवर येऊन पंगतीने जेवत, काहींचे डबे घरातील मुले गिरणीच्या दरवाज्यापर्यंत पोहोचवत.

पंचवीस मेंबर, दोन वेळचे जेवण आणि ताटात सरासरी तीन भाकऱ्या धरल्या तर दिवसाला दीडशे भाकऱ्या होतात. एका भाकरीला दोन मिनिटे धरली, तरी एका तव्यावर पाच तास लागतात. भात, आमटी, कालवण, बाजारहाट, दळण आणि भांडी त्यात आलेली नाहीत. हे सारे बहुधा दहा बाय बारा फुटांच्या आसपासच्या खोलीत, कोळशाच्या शेगडीवर किंवा घासलेटच्या स्टोव्हवर चाले. घरातील माणसे त्याच खोलीत राहत. मेंबर जेवत असताना मुलांनी बाहेर गॅलरीत बसायचे, हा अशा घरांतील अलिखित नियम होता.

जेवण मेंबरच्या गावाप्रमाणे बदले. कोकणातल्या माणसाला भात आणि माशाचे कालवण हवे, निदान सुक्या बोंबलाची चटणी तरी. घाटावरच्याला ज्वारी किंवा बाजरीची भाकरी, झणझणीत आमटी, पिठले. रविवारी मटण, श्रावणात सामिष बंद, एकादशीला वारकरी मेंबरसाठी उपासाचे वेगळे, माळ घातलेल्यांचे भांडे निराळे. आजाऱ्याला पेज करून दिली जाई आणि तिचा हिशोब सहसा मांडला जात नसे. अक्षरओळख नसलेल्या मेंबरचे पत्र घरातल्या शाळकरी मुलाकडून वाचून घेणे, गावी मनीऑर्डर करायचे पैसे सांभाळून ठेवणे, नव्याने आलेल्या पोराला कोणत्या गिरणीत बदली कामगार घेत आहेत ते सांगणे, अशी कामेही खाणावळीत होत. परगावी नवख्या माणसाला लागणाऱ्या बहुतेक गोष्टी त्या एका खोलीत मिळत, आणि म्हणूनच मेंबर सहसा खाणावळ बदलत नसत.

== खाडा ==

मेंबरने जेवण न घेतलेल्या दिवसाला ‘खाडा’ म्हणतात. महिन्याचे पैसे ठरलेले असले तरी गावी गेलेल्या किंवा आजारी पडलेल्या मेंबरचे खाडे वजा करून हिशोब करण्याची पद्धत होती. आजही विद्यार्थ्यांच्या मेसमध्ये ती टिकून आहे. किती दिवस आधी सांगितले तर खाडा धरायचा आणि सलग किती दिवसांचा धरायचा, यावर खाणावळीगणिक नियम वेगळे असत व वादही होत.

गिऱ्हाइकाच्या दृष्टीने खाडा ही न्याय्य सवलत आहे, कारण न खाल्लेल्या जेवणाचे पैसे त्याने का द्यावेत? खाणावळवालीच्या बाजूने पाहिले तर चित्र निराळे दिसते. शिमगा, गणपती आणि मे महिना या काळात कोकणातले मेंबर एकदमच गावी जात. घाटावरचे पेरणी-कापणीला आणि गावच्या जत्रेला जात. त्या आठवड्यांत उत्पन्न निम्म्यावर येई, पण खोलीचे भाडे आणि वाण्याच्या उधारीवरचे व्याज यांना खाडा नव्हता.

== उधारीचे गणित ==

या व्यवसायाचा गाभा स्वयंपाकात नसून उधारीत होता. पगार देण्यासंबंधीच्या १९३६ च्या कायद्यानुसार हजार किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना मागील महिन्याचे वेतन पुढील महिन्याच्या १० तारखेपर्यंत द्यावे लागे. मोठ्या गिरण्या याच वर्गात मोडत, म्हणून १० तारीख हा गिरणगावातील पगाराचा दिवस ठरला. एखादा मेंबर १ तारखेला जेवायला लागला तर त्याच्याकडून पहिला पैसा हाती येईपर्यंत सुमारे चाळीस दिवस लोटत. पंचवीस मेंबरांच्या खाणावळीत याचा अर्थ दोन वेळची मिळून दोन हजार ताटे उधारीवर वाढणे. गिरणीमालक कामगाराचे वेतन चाळीस दिवसांपर्यंत स्वतःकडे ठेवू शकत होता, कारण त्या दिवसांत कामगाराला कोणीतरी जेवू घालत होते. कापडधंद्याच्या खेळत्या भांडवलाचा एक तुकडा अशा रीतीने चाळीतल्या चुलीवर उभा होता, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

खाणावळवालीकडे स्वतःचे भांडवल नसल्याने ती वाण्याकडून किराणा उधार घेई. उधारीच्या मालाचा भाव रोखीपेक्षा चढा असे आणि दर्जाबद्दल तक्रार करण्याची सोय नसे. वाण्याचे देणे थकले की सावकाराकडे जावे लागे. तिथले व्याज वर्षावर नव्हे तर महिन्यावर मोजले जाई. तारण म्हणून दागिने, प्रसंगी मंगळसूत्र आणि स्वयंपाकाची भांडीही ठेवली जात. मेंबर पैसे बुडवून गावी निघून गेला तर वसुलीचा कोणताही कायदेशीर मार्ग नव्हता. गावातील ओळख, नातेवाईकांमार्फत निरोप आणि चारचौघांतील लाज हीच काय ती वसुलीची साधने. मेंबर एकाच गावचे किंवा भावकीतले घेण्याच्या पद्धतीमागे चवीइतकेच हेही कारण होते.

तरीही बहुतेक खाणावळवाल्या आगाऊ पैसे मागत नसत. नव्याने आलेल्या, अजून बदलीवर असलेल्या कामगाराला काम लागेपर्यंत जेवू घातले जाई, कधीकधी महिनोन्‌महिने. यात माया होती हे मौखिक इतिहासाच्या नोंदींतून दिसते, पण हिशोबही होता. वाईट काळात ज्या चुलीने सांभाळले ती चूल माणूस कायम झाल्यावर सोडत नसे.

== जातीची चौकट ==

खाणावळीच्या आपुलकीचे वर्णन करताना ती कोणापुरती होती हे अनेकदा नजरेआड होते. मेंबर गाव, तालुका आणि जात पाहून घेतले जात. मराठा खाणावळ, भंडारी खाणावळ असे भेद उघडपणे बोलले जात. मदनपुऱ्यातील मुसलमान विणकरांची जेवणाची व्यवस्था निराळी होती. दलित कामगारांना सवर्णांच्या खाणावळीत पंगतीला प्रवेश नसे. गिरणीतही हाच भेद वेगळ्या रूपात होता. विणकामात धोट्यातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागत असल्याने उष्ट्याचे कारण पुढे करून दलितांना चांगल्या वेतनाच्या त्या खात्यापासून दीर्घकाळ दूर ठेवण्यात आले. वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड येथील बीडीडी चाळींत मोठ्या संख्येने राहणाऱ्या दलित कामगारांच्या खाणावळी त्यांच्याच वस्तीत चालत. कामगार संघटनांच्या एकत्र लढ्यांमुळे आणि नंतर आंबेडकरी चळवळीमुळे हे भेद सैल झाले, पण पंगतीतले भेद कामगारांच्या मोर्च्यातल्या भेदांपेक्षा उशिरा सुटले.

== संप आणि खाणावळी ==

गिरण्यांचा संप सुरू झाला की पगार थांबे, परंतु जेवण थांबत नसे. १९२८ च्या सहा महिन्यांच्या सार्वत्रिक संपापासून पुढील प्रत्येक मोठ्या लढ्यात खाणावळींनी संपकऱ्यांना उधारीवर पोसले. संपाच्या इतिहासात पुढाऱ्यांची भाषणे आणि वाटाघाटींच्या तारखा नोंदवलेल्या सापडतात. संप किती दिवस टिकू शकतो हे मात्र पुष्कळ अंशी वाण्याने खाणावळवालीला किती दिवस माल द्यायचा यावर ठरत असे.

१९७४ मधील ४२ दिवसांच्या संपात ही बाब ठळक झाली. संप मिटला, कामगार कामावर गेले. खाणावळवाल्यांचे कर्ज मात्र तसेच राहिले. त्यांना कोणत्याही युनियनचे सभासदत्व नव्हते, त्यांच्या मागण्या कोणत्याही मागणीपत्रात नव्हत्या आणि शिरगणतीत त्यांची नोंद बहुधा ‘गृहिणी’ अशीच होत होती.

== अन्नपूर्णा महिला मंडळ ==

गोवा मुक्तिसंग्रामात किशोरवयात भाग घेतलेल्या आणि नंतर मुंबईत कामगार चळवळीत काम करणाऱ्या प्रेमा पुरव यांनी खाणावळवाल्यांची ही स्थिती जवळून पाहिली होती. त्यांच्या पुढाकाराने १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन झाले. दान किंवा अनुदान मागण्याऐवजी बँकेचे कर्ज मागायचे, हा मंडळाचा पहिला निर्णय होता आणि तोच निर्णायक ठरला.

काळ अनुकूल होता. जुलै १९६९ मध्ये १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते आणि दुर्बल घटकांना वर्षाला ४ टक्के दराने कर्ज देण्याची विभेदक व्याजदर योजना १९७२ मध्ये सुरू झाली होती. धोरण कागदावर होते, पण बँकेच्या दृष्टीने तारण नसलेली, सहीऐवजी अंगठा उठवणारी आणि व्यवसायाचा परवाना नसलेली बाई कर्जदार ठरत नव्हती. मंडळाने स्त्रियांचे गट केले आणि गटातील स्त्रिया एकमेकींना जामीन राहिल्या. मेंबरकडून वसुली होण्यासाठी खाणावळीने जी ओळख आणि भीड वापरली होती, तीच येथे बँकेचे तारण म्हणून वापरली गेली. बँक ऑफ बडोदाने कर्ज दिलेल्या पहिल्या गटात १४ स्त्रिया होत्या. रक्कम लहान होती, तरी तिच्यामुळे वाण्याकडे रोखीने माल घेता येऊ लागला आणि रोखीचा भाव मिळाल्याने त्याच मेंबरांत, त्याच कष्टात, हाती काही उरू लागले. परतफेड नियमित राहिल्याने पुढचे गट उभे राहिले.

कर्जाबरोबर इतर प्रश्न पुढे आले: नवऱ्याचे दारूचे व्यसन, मारहाण, मुलींचे शिक्षण, आजारपण. मंडळाने आरोग्य आणि कायदेविषयक साहाय्य सुरू केले, तयार खाद्यपदार्थांचा व्यवसाय उभारला आणि दादर व नवी मुंबईतील वाशी येथे केंद्रे चालवली. प्रेमा पुरव यांना २००२ मध्ये पद्मश्री देण्यात आली. त्यांच्या कन्या मेधा पुरव-सामंत यांनी पुण्यात सुरू केलेल्या कामातून अन्नपूर्णा परिवार ही सूक्ष्म वित्तपुरवठा करणारी संस्था वाढली.

मंडळाच्या कामाचा एक परिणाम आकड्यांत न दिसणारा आहे. बँकेच्या अर्जात ‘व्यवसाय’ या रकान्यात ‘खाणावळ’ असे लिहिले गेले. तोवर ज्याला सेवा, माया, फार तर ‘घरबसल्या हातभार’ म्हटले जात होते, त्याला धंद्याचा दर्जा मिळाला.

== १९८२ नंतर ==

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. हा संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. काही महिने खाणावळींनी पूर्वीप्रमाणेच उधारीवर जेवू घातले, परंतु या वेळी संपानंतरचा पगार असा नव्हताच. अनेक मेंबर गावी गेले ते परतले नाहीत आणि त्यांच्याकडील येणे बुडाले. ज्या खाणावळवालीचा नवराही संपात होता, तिच्या घरातील दोन्ही उत्पन्ने एकदमच थांबली. याच काळात नवरा बेकार झाल्याने अनेक घरांत खाणावळ किंवा डबे नव्याने सुरूही झाले. एका बाजूला मेंबर कमी आणि दुसऱ्या बाजूला चुली जास्त, अशी ही अवस्था होती. काहींनी पोळी-भाजी विकायला सुरुवात केली, काही कुटुंबांनी वडापावच्या गाड्या टाकल्या.

गिरण्यांच्या जमिनींवर पुढे मॉल, कार्यालये आणि निवासी मनोरे उभे राहिले. लोअर परळच्या फिनिक्स आणि कमला मिलच्या आवारांत दुपारी जेवायला बाहेर पडणारा वर्ग निराळा आहे. त्याला महिनाभराची उधारी लागत नाही आणि जेवण देणाऱ्याचे गाव ठाऊक असण्याची गरजही वाटत नाही. उरलेल्या घरगुती खाणावळी डबा पोहोचविणाऱ्या केंद्रांत बदलल्या असून बहुतेक ठिकाणी पैसे आगाऊ घेतले जातात. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ नुसार अशा छोट्या घरगुती व्यावसायिकांनाही नोंदणी बंधनकारक आहे.

== नोंदी आणि साहित्य ==

नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी संकलित केलेल्या ‘कथा मुंबईच्या गिरणगावाची’ या मौखिक इतिहासात कामगारांच्या आठवणी त्यांच्याच शब्दांत आल्या आहेत. जयंत पवार यांचे ‘अधांतर’ हे नाटक संपानंतर कोसळलेल्या गिरणगावातील एका कुटुंबाचे चित्रण करते. खाणावळवालीला केंद्रस्थानी ठेवणारे लेखन त्या मानाने थोडे आहे. तिच्या हिशोबाच्या वह्याही फारशा उरल्या नाहीत, कारण पुष्कळ खाणावळींत हिशोब भिंतीवर कोळशाने ओढलेल्या रेघांत किंवा केवळ स्मरणात ठेवला जाई आणि भिंत दिवाळीला रंगवली जाई.